कार्टर यांचे अखेरचे पासष्ट तास

४ नोव्हेंबर १९८० च्या रात्री अमेरिकेचे डेमोक्रॅट अध्यक्ष जिमी कार्टर हरले, आणि असे हरले की ५० पैकी ४४ राज्यं हातची गेली. १९३२ मध्ये हर्बर्ट हूव्हर पडले, त्यानंतर मतदारांनीच निवडून दिलेल्या एकाही अध्यक्षाला मतदारांनीच घरी पाठवलं नव्हतं. (जेराल्ड फोर्ड १९७६ मध्ये हरले, पण ते मुळात निवडून आलेलेच नव्हते.) या पराभवाची ठरलेली कहाणी अशी: तेहरानमधल्या ओलिसांच्या प्रश्नाने कार्टर यांना बुडवलं आणि दक्षिणेने आपल्याच मुलाकडे पाठ फिरवली. दोन्हीत तथ्य आहे. पण शेवटचे तीन दिवस तासातासाने मांडून पाहिले की चित्र जरा निराळं दिसतं. दक्षिणेने त्यांना सोडलं खरं, पण फार थोड्या मतांनी. मोठं भगदाड पडलं ते दुसरीकडेच.

एक खुलासा आधीच करून ठेवतो. अमेरिकेत अध्यक्ष ठरतो तो राज्यवार. राज्यात एका मताने जरी पुढे असलात तरी जवळजवळ सगळीकडे त्या राज्याची सगळी इलेक्टोरल मतं तुमच्या खात्यात. एकूण ५३८, जिंकायला २७०. त्यामुळे देशभरची टक्केवारी बरोबरीत दिसत असताना आतून दहा-बारा राज्यं एकदम घसरू शकतात.

खालच्या वेळा वॉशिंग्टनच्या घड्याळाच्या आहेत. मोजणी आहे ती कार्टर यांनी जाहीरपणे पराभव मान्य केला त्या क्षणापर्यंतची.

रविवार, २ नोव्हेंबर, पहाटे ५ च्या सुमारास. उरले ६५ तास

शिकागोत चार वाजले होते. हॉटेलात झोपलेल्या अध्यक्षांना फोनने उठवलं. पलीकडे परराष्ट्र खात्याचे उपमंत्री वॉरन ख्रिस्तोफर. इराणच्या संसदेने, म्हणजे मजलिसने, ५२ अमेरिकी ओलिसांच्या सुटकेसाठी चार अटी मंजूर केल्या होत्या: इराणच्या कारभारात ढवळाढवळ न करण्याची हमी, गोठवलेला पैसा मोकळा करणं, इराणवरचे दावे सोडून देणं आणि पदच्युत शहाची संपत्ती परत करणं.

शुक्रवार-शनिवार कार्टर यांनी दक्षिणेत आणि टेक्ससमध्ये घालवले होते. शनिवारी रात्री ते शिकागोत पोचले, कारण इलिनॉयची २६ इलेक्टोरल मतं. रविवारचा तिथला सगळा कार्यक्रम रद्द झाला आणि विमान वॉशिंग्टनकडे वळलं. मतदानाला दोन दिवस उरलेले असताना उमेदवाराने प्रचार टाकून कचेरी गाठायची, हा निर्णय अध्यक्ष म्हणून बरोबरच होता. उमेदवार म्हणून मात्र त्यांनी सगळी निवडणूक तेहरानच्या हातात दिली. करार मंगळवारपर्यंत होणं शक्य नव्हतं. शहाची संपत्ती परत करणं अध्यक्षांच्या अधिकारातच नव्हतं, आणि हे त्यांना विमानात बसतानाही ठाऊक असणार.

शनिवारपर्यंत त्यांचे जनमत-चाचणीवाले पॅट कॅडेल यांच्या आकड्यांत लढत बरोबरीच्या आसपास होती. कॅडेल तेव्हा तीस वर्षांचे. गॅलपच्या शेवटच्या चाचणीत रिपब्लिकन उमेदवार रोनाल्ड रेगन ४७, कार्टर ४४. म्हणजे अगदी हातातोंडाशी आलेला सामना.

रविवार, संध्याकाळी ६ वाजून गेल्यावर. उरले साडेएक्कावन्न तास

टीव्हीवर फुटबॉलचे सामने चालले होते. ते मध्येच थांबवून अध्यक्ष पडद्यावर आले. मजलिसचा निर्णय हा सकारात्मक पाया आहे, पण मतदानाची तारीख पाहून मी निर्णय घेणार नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. दोन-तीन मिनिटांचा मामला.

जे सांगितलं त्यात चूक काही नव्हती. पण ऐकणाऱ्याने काय ऐकलं? ओलीस अजून तिथेच आहेत. मंगळवारी मतदान, आणि त्याच मंगळवारी तेहरानमधला अमेरिकी दूतावास ताब्यात गेल्याला बरोबर एक वर्ष पूर्ण होणार. त्या शनिवार-रविवारी वाहिन्यांनी वर्षपूर्तीचे खास कार्यक्रम लावलेच होते. सीबीएसचे वॉल्टर क्रॉन्काइट तर रोज रात्री बातम्या आवरताना कैदेचा कितवा दिवस ते मोजून सांगत. एप्रिलमध्ये सुटकेची लष्करी मोहीम इराणच्या वाळवंटात फसली होती, आठ जवान गेले होते. तेही पुन्हा आठवलं.

मतदानाच्या आठवडाभर आधी, २८ ऑक्टोबरला, क्लीव्हलंडच्या वादसभेत रेगन यांनी शेवटी मतदारांना विचारलं होतं, की चार वर्षांपूर्वीपेक्षा आज तुमचं बरं चाललं आहे का. महागाई तेरा टक्क्यांवर आणि बेकारी साडेसात टक्के असताना या प्रश्नाचं उत्तर कुणाला शोधावं लागत नव्हतं. माझ्या मते लोकांचा कौल त्या प्रश्नापाशी आतल्या आत ठरला होता, फक्त रेगन या माणसाची धास्ती सुटत नव्हती. रविवारच्या बातमीने उरलेला संकोच घालवला.

सोमवार, ३ नोव्हेंबर, सकाळ. ॲक्रन, ओहायो. उरले सुमारे ३६ तास

शेवटच्या दिवसाचा कार्यक्रम नुसता वाचला तरी दम लागतो: ॲक्रन, मग इलिनॉयमधलं ग्रॅनाइट सिटी आणि ईस्ट सेंट लुइस, मिझुरीतलं स्प्रिंगफील्ड, डेट्रॉइट, पोर्टलंड, सिएटल. एका दिवसात सहा राज्यं. हा कार्यक्रम म्हणजे कॅडेल आणि प्रचाराचे सूत्रधार हॅमिल्टन जॉर्डन यांच्या मनातला नकाशाच. कुठे अजून धुगधुगी आहे, ते त्यावरून कळतं.

ॲक्रन हे टायरचं गाव. गुडइयर, फायरस्टोन इथलेच. १९७६ मध्ये अख्खं ओहायो राज्य कार्टर यांनी ११,११६ मतांनी घेतलं होतं. इतक्या मतांत आपल्याकडे विधानसभेची एखादी जागा निघावी. आणि १९७७ च्या सप्टेंबरमध्ये, त्यांच्या कारकिर्दीचं पहिलं वर्षही पुरं व्हायच्या आत, जवळच्या यंग्सटाउनमधला पोलादाचा मोठा कारखाना बंद पडला आणि सुमारे पाच हजार लोक एका घोषणेत रस्त्यावर आले. त्या भागात तो दिवस ‘काळा सोमवार’ म्हणून आजही लक्षात आहे. त्यानंतर आणखी भट्ट्या विझल्या. या गावांत तीन पिढ्या डेमोक्रॅटिक पक्षाला मत देत आलेल्या, युनियनचं कार्ड खिशात आणि केनेडींची तसबीर भिंतीवर. अशा घराने रेगनला मत द्यायचं म्हणजे घरात भांडण झाल्याशिवाय राहत नसणार. पण रेगनही एके काळी युनियनचे अध्यक्ष होते, हॉलिवूडच्या नटांच्या. डेमोक्रॅट रूझवेल्टना त्यांनी चारही वेळा मत दिलं होतं आणि हे ते आवर्जून सांगत. फिरायचं असलेल्याला एवढी वाट पुरते.

सोमवार, दुपार. ग्रॅनाइट सिटी, ईस्ट सेंट लुइस, स्प्रिंगफील्ड

ग्रॅनाइट सिटी पुन्हा पोलादाचंच. पलीकडे ईस्ट सेंट लुइस, कृष्णवर्णीयांचं गाव. तिथे मतांची काळजी नव्हती, काळजी होती ती लोक घराबाहेर पडतील का याची.

स्प्रिंगफील्ड मात्र पाहण्यासारखं. ओझार्क डोंगरांतलं हे शहर म्हणजे असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकोस्टल पंथाचं मुख्यालय. १९७६ मध्ये कार्टर यांनी आपण नव्याने जन्मलेले ख्रिस्ती आहोत असं उघड सांगितलं, रविवारी बायबलचे वर्ग घेणारा बाप्टिस्ट शेतकरी अध्यक्ष होणार म्हणून या पट्ट्यात लोक हरखले, मिझुरी त्यांच्याकडे आलं. चार वर्षांत चक्र उलटं फिरलं. ख्रिस्ती खासगी शाळांच्या करसवलतीवर त्यांच्या सरकारच्या कर खात्याने १९७८ मध्ये बोट ठेवलं. गर्भपात, शाळेतली प्रार्थना हे विषय तापले. १९७९ मध्ये जेरी फॉलवेल यांची ‘मॉरल मेजॉरिटी’ उभी राहिली. आणि ऑगस्ट १९८० मध्ये डॅलसमध्ये हजारो धर्मगुरूंच्या मेळाव्यात रेगन बोलले, की तुम्ही मला पाठिंबा जाहीर करू शकत नाही हे मला माहीत आहे, पण मी तुम्हाला पाठिंबा जाहीर करतो. घटस्फोटित, हॉलिवूडमधून आलेला, चर्चला फारसा न जाणारा माणूस! आणि समोर दर रविवारी नेमाने बायबल शिकवणारा. भाविक मतदाराला आचरण हवं असतं की आपल्या बाजूने बोलणारं तोंड, या प्रश्नाचं उत्तर तेव्हा मिळालं आणि अमेरिकेत ते अजून बदललेलं दिसत नाही.

सोमवार, संध्याकाळ. डेट्रॉइट. उरले २८ तासांच्या आसपास

क्रायस्लर बुडत होती, तिला दीड अब्ज डॉलरच्या कर्जहमीचा कायदा कार्टर यांनीच जानेवारीत सही करून दिला होता. कामगारांची संघटना त्यांच्या मागे उभी होती. तरी मिशिगनमधली बेकारी देशाच्या सरासरीपेक्षा कितीतरी वर, आणि रस्त्यावर जपानी गाड्या. रिपब्लिकनांनी जुलैतलं आपलं अधिवेशन मुद्दाम याच शहरात भरवलं आणि रेगन यांनी उमेदवारी स्वीकारताना चक्क रूझवेल्टना उद्धृत केलं.

डेट्रॉइटला लागून मॅकोम्ब काउंटी आहे. मोटार कारखान्यांतल्या गोऱ्या कामगारांची उपनगरं. १९६० मध्ये केनेडींना तिथे ६३ टक्के मतं पडली होती. १९८० मध्ये ती रेगनकडे गेली, आणि पुढे ‘रेगन डेमोक्रॅट’ म्हणजे कोण हे समजून घ्यायला अभ्यासक तिथेच जाऊ लागले.

इथे जरा थांबून एक गोष्ट नोंदवायला हवी. या सोमवारच्या यादीत दक्षिणेतलं एकही गाव नाही. जॉर्जियाच्या भुईमूगवाल्याने १९७६ मध्ये व्हर्जिनिया सोडून जुन्या कॉन्फेडरसीची (यादवी युद्धात फुटून निघालेल्या दक्षिणेची) दहा राज्यं घेतली होती. त्या रात्री साडेतीनच्या सुमाराला मिसिसिपी त्यांच्या बाजूने लागलं आणि २७० चा आकडा पार झाला. अध्यक्षपद त्यांना मिसिसिपीने दिलं, असं म्हणायला हरकत नाही. ते सगळं उसवायला लागलेलं होतंच. ३ ऑगस्टला मिसिसिपीतल्या नेशोबा काउंटीच्या जत्रेत रेगन यांनी ‘राज्यांच्या हक्कां’चा, म्हणजे वर्णभेदाच्या समर्थकांच्या जुन्या घोषणेचा, उच्चार केला; १९६४ मध्ये नागरी हक्कांच्या तीन कार्यकर्त्यांचा खून झाला ते फिलाडेल्फिया गाव याच काउंटीतलं. कुणाला काय ऐकायचं होतं ते त्यांनी ऐकलं. कार्टर यांनी सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी अलाबामातल्या टस्कंबियात प्रचाराचा नारळ फोडला, तेव्हा गर्दीत क्लू क्लक्स क्लॅनचे झगे घातलेली मंडळी उभी होती, आणि एक दाक्षिणात्य म्हणून कार्टर यांनी त्यांना खडसावलं.

फ्लोरिडाचं दुखणं वेगळं. उन्हाळ्यात क्यूबातल्या मारिएल बंदरातून सव्वा लाख निर्वासित होड्यांनी आले. १९७६ मध्ये पाच टक्क्यांनी जिंकलेलं ते राज्य आता सतरा टक्क्यांनी जायचं होतं. त्या निर्वासितांतले काही हजार क्यूबन अर्कान्सातल्या फोर्ट चाफी छावणीत ठेवले, १ जूनला तिथे दंगल झाली, आणि त्याची किंमत तिथल्या ३४ वर्षांच्या डेमोक्रॅट गव्हर्नरनेही मंगळवारी पद घालवून मोजली. त्या गव्हर्नरचं नाव बिल क्लिंटन.

सोमवार, रात्र. पोर्टलंड आणि सिएटल

ओरेगन १९७६ मध्ये १,७१३ मतांनी हुकलं होतं, म्हणून पोर्टलंड. वॉशिंग्टन राज्यही थोडक्यात गेलं होतं, म्हणून सिएटल. दोन्हीकडे पक्षाचे जुने खांब उभे होते: ओरेगनमधून १९५७ पासून प्रतिनिधिगृहात असलेले, करविषयक समितीचे अध्यक्ष अल उलमन, आणि वॉशिंग्टनमधून १९४४ पासून सिनेटमध्ये असलेले वॉरन मॅग्नुसन. अध्यक्ष रात्री इतक्या लांब आले ते या मंडळींना हात द्यायलाही. ही दोन नावं लक्षात ठेवावीत, चोवीस तासांनी पुन्हा लागणार आहेत.

सिएटलला विमानतळावरच्या हँगरमध्ये सभा झाली. सोबतच्यांच्या आठवणींप्रमाणे अख्ख्या प्रचारातली ती सगळ्यांत जोरकस सभांपैकी एक. अध्यक्ष खुशीत होते, हस्तांदोलनं करत गर्दीत हिंडत होते. त्याच सुमारास वृत्तसचिव जोडी पॉवेल फोनवर होते. वॉशिंग्टनहून कॅडेल यांचे ताजे आकडे आले होते.

मंगळवार, ४ नोव्हेंबर, मध्यरात्रीनंतर. विमानात

रेगन दहा टक्क्यांनी पुढे.

सिएटलहून जॉर्जियाकडे निघालेल्या विमानात पॉवेल यांनी ते अध्यक्षांना सांगितलं. चार तासांवर झोप नाही, आवाज बसलेला, आणि खाली काळोखात ती सगळी राज्यं मागे पडत चाललेली. कुंपणावरचे मतदार, जे एरवी शेवटी विद्यमान अध्यक्षाकडे झुकतात असं मानलं जाई, ते गठ्ठ्याने पलीकडे गेले होते. पत्रकार विमानाच्या मागच्या भागात होते, त्यांना पत्ता नव्हता.

आता मागे वळून पाहिलं तर सोमवारची सहाच्या सहा राज्यं कार्टर हरले. दिवसभरातल्या एकाही गावाने राज्य दिलं नाही.

मंगळवार, सकाळी ८ च्या सुमारास. प्लेन्स, जॉर्जिया. उरले १४ तास

जेमतेम सहाशे वस्तीचं गाव. पत्नी रोझलिनसह शाळेतल्या केंद्रावर मतदान करून कार्टर जुन्या रेल्वे स्टेशनापाशी आले. हे लाकडी स्टेशन १९७६ मध्ये त्यांच्या प्रचाराचं ठाणं होतं. समोर शेजारीपाजारी, नात्यागोत्यातले, लहानपणापासून ओळखणारे. त्यांतल्या बहुतेकांना वाटत होतं की आज रात्री पुन्हा जल्लोष आहे.

कार्टर यांनी बोलायला सुरुवात केली. काही निर्णय अवघड होते, मतांच्या हिशेबात महाग पडणारे होते, पण तुम्हाला दिलेला शब्द पाळायचा प्रयत्न केला, असं ते म्हणत होते. आणि तिथे आवाज चिरकला. डोळे भरून आले. ओठ घट्ट मिटून क्षणभर थांबले, मग वाक्य कसंबसं पुरं केलं. लोकांना वाटलं जागरण आणि दगदग. काही वार्ताहर मात्र एकमेकांकडे बघू लागले.

याच गावच्या लिलियन कार्टर, अध्यक्षांच्या मातोश्री, आपल्या विक्रोळीत राहून गेल्या आहेत. वयाच्या ६८ व्या वर्षी पीस कोअरमधून नर्स म्हणून त्या मुंबईला आल्या आणि १९६६ ते १९६८ गोदरेजच्या वसाहतीत कुटुंबनियोजनाचं आणि दवाखान्याचं काम त्यांनी केलं. मुलगा अध्यक्ष झाला तेव्हा विक्रोळीकरांना त्या बाई आठवल्या असतील.

मंगळवार, दुपार. उरले सहा-सात तास

वॉशिंग्टनला परत. वाहिन्यांचे एक्झिट पोल कार्यकर्त्यांच्या कानावर येऊ लागले. कॅडेल यांचा आकडा चुकलेला नव्हता. रात्रीचं भाषण म्हणजे निरोपाचं भाषण, हे लिहिणाऱ्यांना कळून चुकलं होतं.

मंगळवार, संध्याकाळी ७ पासून रात्री ८:१५ पर्यंत

पूर्वेकडची केंद्रं बंद होऊ लागली. इंडियाना रेगनकडे, ते अपेक्षित होतं. व्हर्जिनिया, तेही. पण मग फ्लोरिडा, अलाबामा, मिसिसिपी. चार वर्षांपूर्वी ज्या मिसिसिपीची पहाटे साडेतीनपर्यंत वाट पाहावी लागली होती, ते आता पहिल्या तासाभरातच पलीकडे जमा झालं.

आठ वाजून पंधरा मिनिटांनी एनबीसीने जाहीर केलं: रोनाल्ड रेगन जिंकले. मोजलेली मतं अगदी थोडी होती. अंदाज एक्झिट पोलवर बेतलेला. न्यूयॉर्कमध्ये अजून पाऊण तास मतदान चालायचं होतं, कॅलिफोर्नियात पावणेतीन तास. एनबीसीच्या भिंतीवरच्या नकाशात तेव्हा रेगनचा रंग निळा होता, आजच्या उलट. राज्यामागून राज्य निळं होत गेलं तेव्हा वाहिनीचे निवेदक डेव्हिड ब्रिंकली यांना तो नकाशा उपनगरातल्या पोहण्याच्या तलावासारखा दिसला. एबीसी आणि सीबीएस अजून थांबून होते.

मंगळवार, रात्री ९ च्या सुमारास. उरली पन्नास मिनिटं

कार्टर यांनी फोन लावला. लॉस एंजलिसमध्ये संध्याकाळचे सहा. रेगन अंघोळ करत होते. टॉवेल गुंडाळून, अंगावरून पाणी निथळत असताना त्यांनी अभिनंदन स्वीकारलं.

जाहीर भाषणाला थोडं थांबा, पश्चिमेकडचं मतदान ११ वाजता संपेल, असा सल्ला देणारे सोबत होते. कार्टर थांबले नाहीत. व्हाइट हाउसमध्ये तोंड लपवून बसलो आहे असं दिसू नये, हा त्यांचा विचार. माणूस म्हणून तो समजतो. पण पक्षाचा म्होरक्या म्हणून आदल्या रात्री ज्यांच्यासाठी सिएटलपर्यंत गेलो, त्यांच्या रांगा अजून मोडलेल्या नाहीत, एवढं त्यांच्या ध्यानात यायला हवं होतं. कार्टर यांच्या चांगुलपणातली ही खोट जुनीच: स्वतःच्या सचोटीचा हिशेब चोख आणि सोबत्यांचं काय होईल ते नंतर.

मंगळवार, रात्री ९:५०. शेरटन वॉशिंग्टन हॉटेल

१९०४ नंतर इतक्या लवकर कुणी पराभव कबूल केला नव्हता. चार वर्षांपूर्वी मी तुमच्याशी कधी खोटं बोलणार नाही असं वचन दिलं होतं, तेव्हा आज दुखत नाही असं मी म्हणू शकत नाही, एवढं ते बोलले आणि चेहऱ्यावर ते प्रसिद्ध हसू आणायचा प्रयत्न केला. भारतात ५ तारखेची सकाळ झाली होती, आठ वीस. दिवाळी तोंडावर आलेली.

मंगळवार, रात्री ११, आणि पुढचे काही दिवस

पश्चिम किनाऱ्यावर संध्याकाळच्या वेळेला, म्हणजे कामगार सुटून मतदानाला येतात त्या वेळेला, अध्यक्ष हरल्याचं रेडिओवर लागलं. रांगेतून लोक परत गेल्याच्या हकिगती ओरेगन आणि कॅलिफोर्नियातून आल्या. लॉस एंजलिसच्या खोऱ्यातले डेमोक्रॅट प्रतिनिधी जेम्स कॉर्मन ७५२ मतांनी पडले. अल उलमनही थोडक्या मतांनी गेले. प्रतिनिधिगृहाचे सभापती टिप ओ'नील यांचा संताप झाला, आणि तो लवकर निवळला नाही. ९:५० च्या भाषणाने नेमकी किती मतं घालवली हे मोजणं अवघड आहे. उलमन यांनी आदल्या वर्षी मूल्यवर्धित कराचा प्रस्ताव आणून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, तेव्हा सगळं खापर भाषणावर फोडता येणार नाही. कॉर्मन यांच्या ७५२ मतांबद्दल मात्र तसं म्हणवत नाही.

सिनेटमध्ये डेमोक्रॅटांच्या बारा जागा गेल्या. मॅग्नुसन गेले, साउथ डकोटात जॉर्ज मॅकगव्हर्न, इंडियानात बर्च बाय, आयडाहोत फ्रँक चर्च गेले. जॉर्जियात तर लोकांनी कार्टर यांना ५५ टक्क्यांवर मतं दिली आणि त्यांच्याच पक्षाचे सिनेटर हर्मन टालमज यांना पाडलं. १९५४ च्या निवडणुकीनंतर प्रथमच सिनेट रिपब्लिकनांच्या हाती आलं.

आता राज्यवार हिशेब. रेगन ४८९, कार्टर ४९. मतांची टक्केवारी ५०.७ विरुद्ध ४१, अपक्ष जॉन अँडरसन यांना ६.६. कार्टर यांच्याकडे राहिलं काय, तर जॉर्जिया, वेस्ट व्हर्जिनिया, मेरीलंड, मिनेसोटा, ऱ्होड आयलंड, हवाई आणि राजधानीचा जिल्हा. पण दक्षिणेतले फरक बघा: टेनेसी ४,७१० मतांनी गेलं, अर्कान्सा ५,१२३ मतांनी, मिसिसिपी ११,८०८, साउथ कॅरोलिना १३,६४७, अलाबामा १७,४६२, केंटकी १८,८५७. नॉर्थ कॅरोलिना दोन टक्क्यांनी. कृष्णवर्णीय मतदार आणि गावाकडचे जुने डेमोक्रॅट शेवटपर्यंत तग धरून होते. आणि ही सातही राज्यं कार्टर यांनी राखली असती, तर त्यांची बेरीज झाली असती १११.

म्हणजे दक्षिण टिकली असती तरी काही वाचत नव्हतं. न्यूयॉर्कची ४१, पेनसिल्व्हेनियाची २७, ओहायोची २५, टेक्ससची २६ ही मतं १९७६ मध्ये कार्टर यांची होती, ती सगळी गेली. टेक्सस तर तीन टक्क्यांनी जिंकलेलं, चौदा टक्क्यांनी गमावलं. ईशान्येकडे उदारमतवाद्यांनी रागावून अँडरसनला मत दिलं. मॅसॅच्युसेट्समध्ये अँडरसनना पंधरा टक्के मतं गेली आणि केनेडींचं ते राज्य रेगनना ३,८२९ मतांनी मिळालं. दक्षिणेत निसटलेलं इतक्या कमी मतांचं असूनही परत मात्र आलं नाही. टेक्सस, अलाबामा, मिसिसिपी, साउथ कॅरोलिना या चार राज्यांनी १९७६ च्या कार्टर यांच्यानंतर अध्यक्षपदासाठी एकाही डेमोक्रॅटला कौल दिलेला नाही.

ओलीस सुटले ते २० जानेवारी १९८१ ला, ४४४ व्या दिवशी, रेगन यांनी शपथ घेतल्यावर काही मिनिटांत. १९८५ मध्ये वाहिन्यांनी काँग्रेसला वचन दिलं, की एखाद्या राज्यातली केंद्रं बंद होईपर्यंत तिथला विजेता एक्झिट पोलवरून सांगणार नाही.